दुसऱ्या हातची उपकरणे आणि पहिल्या मालकाचे खाते: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या रोजच्या वापरातला फोन, टॅब्लेट आणि लॅपटॉप ही तिन्ही उपकरणे आधी कोणीतरी वापरून विकलेली आहेत आणि ती हाताळून आता बरेच महिने झाले आहेत. बॅटरी किती तास चालते, पडद्यावर ओरखडे किती आहेत, कीबोर्डची कोणती कळ अडखळते याविषयी लिहिता येईल. परंतु वापरलेल्या वस्तूच्या बाबतीत हे प्रश्न दुय्यम आहेत असे माझे मत झाले आहे. बॅटरी बदलता येते, पडदाही बदलता येतो. पहिल्या मालकाचे खाते उपकरणाशी जोडलेले राहून गेले असेल तर ते मात्र दुसऱ्या मालकाला स्वतःहून काढता येत नाही, आणि तेवढ्या एका कारणाने उत्तम स्थितीतली वस्तू निरुपयोगी होते. म्हणून हे परीक्षण मुख्यतः खात्याच्या या कुलपाचे आहे, आणि ज्याने पैसे मोजून वस्तू घेतली त्याच्या बाजूने केलेले आहे.

सर्वांत कमी त्रास फोनने दिला. तो अँड्रॉइडवर चालतो आणि विक्रेत्याशी समोरासमोर व्यवहार झाला. त्याने सेटिंग्जमध्ये जाऊन आपले गूगल खाते काढले, तिथूनच फॅक्टरी रीसेट केले, म्हणजे फोन पूर्ण पुसला, आणि फोन पुन्हा सुरू झाल्यावर मी तो इंटरनेटला जोडून माझ्या खात्याने होम स्क्रीनपर्यंत नेला. पैसे त्यानंतर दिले. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण गूगलने २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ सोबत आणलेले फॅक्टरी रीसेट संरक्षण रीसेट कुठून केले यावर अवलंबून असते. फोनच्या साठवणुकीत एक छोटा राखीव भाग असतो आणि त्यात आधीच्या खात्याची खूण ठेवलेली असते. सेटिंग्जमधून, पासवर्ड किंवा पिन देऊन रीसेट केले की ही खूणही पुसली जाते. बटणे दाबून रिकव्हरी मोडमधून रीसेट केले तर बाकी सर्व पुसले जाते, खूण तशीच राहते, आणि फोन नव्याने सुरू करताना आधीचे गूगल खाते किंवा आधीचा स्क्रीन लॉक मागतो. चोराला पिन माहीत नसतो, त्यामुळे त्याच्यापुढे रिकव्हरी मोडचाच मार्ग उरतो. म्हणून ही रचना तर्काला धरून आहे. अडचण अशी की पिन विसरलेला, घाईत असलेला किंवा तांत्रिक बाबींची फारशी माहिती नसलेला प्रामाणिक विक्रेताही तोच मार्ग धरतो. शिवाय गूगल खात्याचा पासवर्ड नुकताच बदलला असेल तर रीसेट करण्यापूर्वी २४ तास थांबावे अशी सूचना आहे, आणि ‘पासवर्ड आठवत नव्हता, आत्ताच नवा घेतला’ असे सांगणारे विक्रेते नेमके तेथेच अडकतात. २०२४ च्या अँड्रॉइड १५ मध्ये हे संरक्षण आणखी कडक झाले. सुरुवातीचे सेटअप कसेतरी टाळून पुढे जाण्याच्या ज्या युक्त्या पूर्वी चालत, त्यांनी आता कुलूप उघडत नाही. चोरीच्या दृष्टीने हे योग्यच आहे.

टॅब्लेट पार्सलने आला, म्हणजे विक्रेता समोर नव्हता. पेटी उघडून तो सुरू केला तेव्हा स्वागताचा कोरा पडदा दिसला आणि वस्तू पूर्ण पुसलेली असल्याची माझी खात्री पटली. भाषा निवडून झाली, वाय-फाय जोडले, आणि त्यानंतर आधीच्या मालकाच्या खात्याचा पासवर्ड मागणारा पडदा आला. खात्याच्या ईमेलमधली पहिली काही अक्षरे तेवढी दिसत होती. कोरा पडदा म्हणजे मोकळे उपकरण असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. या प्रकारच्या कुलपात नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. उपकरण नव्याने सुरू होताना आपली ओळख सर्व्हरला कळवते, सर्व्हर नोंद तपासतो आणि परवानगी देतो किंवा नाकारतो. त्यामुळे साठवणूक कितीही वेळा पुसली, सॉफ्टवेअर संगणकावरून नव्याने टाकले, तरी उत्तर तेच येते.

विक्रेत्याला संदेश पाठवला तेव्हा त्याने सद्भावनेने थेट आपला पासवर्डच कळवण्याची तयारी दाखवली. तो मी घेतला नाही आणि कोणीही घेऊ नये. त्या पासवर्डमागे त्या माणसाची छायाचित्रे, पत्रव्यवहार आणि कदाचित आर्थिक व्यवहारही असतात. शिवाय दुसऱ्या टप्प्यातला ओटीपी त्याच्याच फोनवर जाणार असतो. योग्य मार्ग असा की विक्रेत्याने स्वतःच्या खात्यात ब्राउझरवरून लॉगिन करावे, उपकरणांच्या यादीत विकलेले उपकरण निवडावे, ते दूरूनच पुसावे आणि नंतर खात्यातून काढून टाकावे. त्याने तसे केले, मी टॅब्लेट बंद करून पुन्हा सुरू केला आणि कुलूप गेलेले होते. काम काही मिनिटांचे होते, परंतु ते काम करू शकणारा माणूस जगात एकच होता. त्याने फोन नंबर बदलला असता, किंवा तो स्वतः मधला व्यापारी असून मूळ मालक कोण हे त्यालाच ठाऊक नसते, तर मी काय केले असते? बहुतेक काहीच नाही. त्यानंतर टॅब्लेटने कधीही तक्रारीला जागा दिली नाही. वाचनासाठी आणि व्हिडिओसाठी तो उत्तम आहे आणि त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

या कुलपाला सरसकट दोष देणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. ॲपलने सप्टेंबर २०१३ मध्ये आयओएस ७ सोबत ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे मालकाच्या खात्याशिवाय उपकरण सुरू न होऊ देणारे कुलूप, आणले तेव्हा अनेक मोठ्या शहरांत फोन हिसकावण्याच्या घटना हा गंभीर प्रश्न झाला होता. २०१४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी स्मार्टफोनमध्ये चोरीनंतर फोन निकामी करण्याची सोय असावी असे कायदे केले, आणि कॅलिफोर्नियाचा कायदा १ जुलै २०१५ नंतर तयार झालेल्या फोनना लागू झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू यॉर्क, सॅन फ्रान्सिस्को आणि लंडनच्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले की ॲक्टिव्हेशन लॉक आल्यानंतरच्या बारा महिन्यांत आयफोनच्या चोऱ्या सॅन फ्रान्सिस्कोत ४० टक्क्यांनी आणि न्यू यॉर्कमध्ये २५ टक्क्यांनी घटल्या. लंडनमध्येही स्मार्टफोनच्या चोऱ्या निम्म्यावर आल्या. माझा फोन उद्या हरवला तर तो सापडणाऱ्याच्या हाती निरुपयोगी ठरावा असे मलाही वाटते, आणि म्हणून मी स्वतः हे कुलूप कधीही बंद ठेवत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कुलपामागची नोंद उपकरणात शेवटी कोणी लॉगिन केले होते एवढेच सांगते, आणि सगळा व्यवहार मात्र ती नोंद मालकीचा पुरावा असल्यासारखा चालतो.

हे सर्वांत कठोरपणे लॅपटॉपने शिकवले. तो एका दुरुस्ती करून विकणाऱ्या विक्रेत्याकडून, पावतीसह आणि अल्प मुदतीच्या हमीसह घेतला होता. मिळाला तेव्हा तो चालू स्थितीत होता, कोणाचेही खाते त्यावर नव्हते, आणि कित्येक महिने त्याने काहीही कुरकुर न करता काम केले. नंतर साठवणूक भरत आली म्हणून मी तो पूर्ण पुसून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली. सेटअप करताना इंटरनेट जोडताच पडद्यावर एका मला पूर्णपणे अपरिचित संस्थेचे नाव आले आणि त्या संस्थेच्या कर्मचाऱ्याचे लॉगिन मागितले गेले. महिनोन्‌महिने माझ्या कामाचे साधन असलेले यंत्र एका क्षणात दुसऱ्याच्या मालमत्तेसारखे वागू लागले.

कारण समजून घेतले तेव्हा कळले की हे खातेकुलूप नव्हे, संस्थात्मक नोंदणी आहे, आणि वापरलेल्या लॅपटॉपच्या बाबतीत हीच जास्त धोकादायक आहे. मोठ्या संस्था शेकडो यंत्रे एकदम घेतात आणि प्रत्येक यंत्राची ओळख निर्मात्याच्या सर्व्हरवर आपल्या नावाने नोंदवतात. ॲपलची स्वतःची अशी व्यवस्था आहे, मायक्रोसॉफ्टची ऑटोपायलट आहे, सॅमसंगची नॉक्स आहे, आणि क्रोमबुकमध्ये पुसल्यावर आपोआप पुन्हा नोंदणी करवून घेण्याची सोय आहे. फायदा असा की कर्मचाऱ्याने नवे यंत्र इंटरनेटला जोडले की संस्थेचे नियम आपोआप लागू होतात. नोंद सेटअपच्या वेळी तपासली जाते. त्यामुळे कोणी यंत्र इंटरनेट न जोडता सेटअप केले तर नोंद तशीच राहूनही यंत्र सुरळीत चालते, आणि पुढच्या रीसेटपर्यंत कोणाला काही कळत नाही. माझ्या लॅपटॉपचे तेच झाले असावे. हे जाणूनबुजून केले की विक्रेत्यालाही कल्पना नव्हती, हे मी सांगू शकत नाही. जुनी यंत्रे घाऊक लॉटमध्ये येतात. माहिती पुसल्याचे प्रमाणपत्र त्यांच्यासोबत असते, नोंदणीतून मुक्त केल्याचे मात्र सहसा नसते, आणि या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे पुष्कळ व्यावसायिकांच्याही लक्षात येत नाही.

पुढचे काही आठवडे पत्रव्यवहारात गेले. निर्मात्याच्या मदत केंद्राने सभ्यपणे सांगितले की नोंद काढण्याचा अधिकार नोंदवणाऱ्या संस्थेलाच आहे, आणि माझी पावती मूळ खरेदीची नसल्यामुळे ते हस्तक्षेप करू शकत नाहीत. त्यांच्या जागी बसून पाहिले तर यात गैर काही नाही. पावती बनावट असू शकते आणि चोरही मदत केंद्राला फोन करतो. विक्रेत्याची हमीची मुदत संपलेली होती. ज्या संस्थेचे नाव पडद्यावर होते तिच्या सामान्य पत्त्यावर पाठवलेल्या ईमेलना उत्तर आले नाही. शेवटी उपयोग झाला तो विक्रेत्याने शोधून काढलेल्या लॉटच्या कागदाचा, ज्यावर माझ्या यंत्राचा सिरियल नंबर आणि संस्थेने यंत्रे निकाली काढल्याची तारीख होती. तो कागद जोडून संस्थेच्या आयटी विभागाला लिहिल्यावर त्यांनी नोंद काढली आणि एका ओळीच्या ईमेलने तसे कळवले. हा कागद सापडला नसता तर चांगला प्रोसेसर, चांगला पडदा आणि निर्दोष बॅटरी असलेले यंत्र सुट्या भागांच्या मोलाने विकावे लागले असते. कायद्याने यंत्राचा मालक मीच होतो आणि ते कोणी नाकारतही नव्हते. फक्त मला ते वापरता येत नव्हते.

कायद्याकडे पाहिले तर चित्र विचित्र दिसते. वस्तू एकदा विकली की तिच्या पुढच्या विक्रीवरचे विक्रेत्याचे नियंत्रण संपते, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये पुस्तकांच्या संदर्भात मान्य केले आणि २०१७ मध्ये प्रिंटरच्या कार्ट्रिजच्या प्रकरणात पेटंटच्या बाबतीतही ठामपणे लागू केले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये तर कायमस्वरूपी परवान्याने विकलेले, डाउनलोड केलेले सॉफ्टवेअरसुद्धा पुढे विकता येते असा निर्णय दिला. मात्र हे निर्णय विकण्याच्या हक्काविषयी आहेत. विकलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात सुरू झाली पाहिजे, त्यासाठी निर्मात्याच्या सर्व्हरने होकार दिला पाहिजे, असे बंधन त्यांतून आपोआप निघत नाही. यंत्र माझे असते, त्यातील सॉफ्टवेअर परवान्यावर असते आणि ते सुरू करणारी सेवा कंपनीच्या अटींवर चालते. या तीन थरांपैकी पावतीवर फक्त पहिला येतो. सिमकार्डाच्या कुलपाबाबत अमेरिकेत २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि ग्राहकाला फोन दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर नेण्यासाठी कुलूप काढण्याची मोकळीक मिळाली. खात्याच्या कुलपाला त्याचा लाभ नाही, आणि खरेदीदार या दोन कुलपांत नेहमी गल्लत करतात. ‘फोन अनलॉक आहे’ असे जाहिरातीत लिहिलेले असते तेव्हा बहुधा सिमचे कुलूप अभिप्रेत असते, आणि खात्याविषयी वेगळे विचारावे लागते.

कुलूप तोडून देतो असे सांगणाऱ्या सेवांचा मी विचार केला आणि सोडून दिला. सप्टेंबर २०१९ मध्ये चेकएमएट नावाची एक त्रुटी उघड झाली. ती ए-५ ते ए-११ चिप असलेल्या आयफोन-आयपॅडच्या मूळ बूट प्रोग्राममध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, असल्याने अपडेटने दुरुस्त होत नाही, आणि तिच्या आधाराने कुलूप ओलांडण्याची बरीच साधने निघाली. त्यांनी सर्व्हरवरची नोंद बदलत नाही. यंत्र अर्धवट चालते, काही सेवा बंद राहतात, आणि पुन्हा पुसले की पुन्हा तोच पडदा येतो. शिवाय असे यंत्र पुढे विकणे म्हणजे आपली अडचण पुढच्या माणसाच्या गळ्यात बांधणे झाले.

या सर्वाचा भार कचऱ्याच्या ढिगावरही पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या प्रक्रियेत गेल्याची नोंद आहे. त्यात कुलूपबंद यंत्रे किती, याचा आकडा अहवालात वेगळा दिलेला नाही, पण यंत्रणा कोणत्या दिशेने चालली आहे हे दिसते. २०१९ पासून टी-२ ही ॲपलची सुरक्षा चिप असलेल्या मॅकलाही ॲक्टिव्हेशन लॉक लागू झाले. त्यांतील लॅपटॉपमध्ये साठवणूक मदरबोर्डवरच असते, म्हणून कुलूपबंद बोर्डातून तीही वेगळी काढून वापरता येत नाही. २०२४ च्या आयओएस १८ पासून हे कुलूप बॅटरी, कॅमेरा, पडदा अशा सुट्या भागांपर्यंत पोहोचले. चोरलेल्या फोनचे भाग विकून पैसे करण्याचा मार्ग त्यामुळे अवघड होतो हे मान्य केले पाहिजे. परंतु मूळ मालक साइन आउट करायला विसरला असेल तर रीतसर दान केलेल्या फोनचा पडदासुद्धा आता संशयित ठरतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार होऊ नये.

यावर उपाय अवघड नाही असे मला वाटते, निदान काही भाग तरी. ॲपलने २०१४ मध्ये एक पान सुरू केले होते. त्यावर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) किंवा सिरियल नंबर टाकला की कुलूप चालू आहे की नाही एवढेच कळत असे. मालकाचे नाव दिसत नसे. ते पान जानेवारी २०१७ मध्ये बंद झाले. दूरून वस्तू घेणाऱ्यासाठी त्याहून उपयुक्त सोय मला सुचत नाही, आणि प्रत्येक निर्मात्याने ती द्यावी, संस्थात्मक नोंदणीचाही त्यात समावेश असावा, अशी माझी पहिली अपेक्षा आहे. दुसरी अपेक्षा हस्तांतराची. वाहन विकल्यावर ते नव्या मालकाच्या नावावर करून देण्याची रीतसर प्रक्रिया असते. उपकरणांच्या बाबतीत मात्र जुन्या मालकाने नाव काढायचे आणि नव्याने आपले टाकायचे, मधल्या काळात दोघांचे नशीब. दोघांनीही आपापल्या खात्यातून एकाच वेळी संमती द्यावी आणि त्या संमतीची नोंद राहावी, एवढी सोय पुरेशी आहे. तिसरी बाब मृत मालकांची. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये आयओएस १५.२ सोबत वारसदार संपर्क नेमण्याची सोय दिली, आणि त्या संपर्काला मृत व्यक्तीच्या उपकरणांवरचे कुलूप काढता येते. ही सोय चांगली आहे, पण ती आधी भरून ठेवलेल्यांनाच उपयोगी पडते. बंद पडलेल्या संस्थांसाठी मात्र असे काहीच नाही. त्यांची यंत्रे बाजारात फिरत राहतात आणि नोंद काढण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता ते प्रशासक कुठे गेले याचा पत्ता नसतो.

तोपर्यंत खरेदीदाराने काय करावे? फोन आणि टॅब्लेट माझ्या मते निःसंकोच घ्यावेत, मात्र पैसे देण्यापूर्वी ते पुसलेल्या अवस्थेत इंटरनेटला जोडून स्वतःच्या खात्याने शेवटपर्यंत सुरू करावेत. दूरून घेताना वस्तू मिळाल्यापासून काही दिवस परत करण्याची मुभा लेखी मागावी आणि ती मुदत संपण्यापूर्वी ही तपासणी उरकावी. लॅपटॉपच्या बाबतीत मी अधिक कडक झालो आहे. तो कितीही स्वच्छ दिसत असला तरी मिळाल्याच्या दिवशीच पूर्ण पुसून, इंटरनेट जोडून, नव्याने सेटअप करावा. दोन तास जातात, पण नोंद असेल तर हमीच्या मुदतीत कळते. विक्रेता व्यावसायिक असेल तर पावतीवर सिरियल नंबर आणि ‘खाते व संस्थात्मक नोंदणीतून मुक्त’ हे शब्द लिहून घ्यावेत. जो लिहून देत नाही त्याच्याकडून मी आता लॅपटॉप घेत नाही.

तिन्ही उपकरणे आज सुरळीत चालू आहेत. लॅपटॉपच्या नोंदमुक्तीचा तो एका ओळीचा ईमेल आणि लॉटच्या कागदाची प्रत मी पावतीसोबत एकत्र ठेवली आहे, आणि पुढे कधी यंत्र विकले तर ती तिन्ही घेणाऱ्याच्या हवाली करणार आहे.